मढची ओ

सकाळी ऑफिसात आल्यावर आमचे साहेब चहा मागवत नसत, पंखा लावत नसत, कुणाकडे बघून हसतही नसत. आधी हाका मारत. खुर्चीत बसायचं, चष्मा शर्टाच्या टोकाला पुसायचा, कॉम्प्युटरवर काळी पाटी उघडायची आणि तिच्यावर एक शब्द आणि पुढे आकडे टाइप करायचे. तो शब्द 'पिंग'. पण तो त्यांच्या तोंडून मी क्वचितच ऐकला. ते म्हणायचे, "राजुरीला हाक मारली." मग पाटीवर खालोखाल ओळी उमटायच्या, आणि ते समाधानानं मान हलवून म्हणायचे, "ओ आली."

हे आमच्या दूध संघाचं ऑफिस. नारायणगावात, हमरस्त्याला लागून. आता तो संघही नाही आणि ती इमारतही नाही, तिथं मोटारींचं शोरूम झालंय. पण दोन हजारच्या पुढच्या त्या वर्षांत संघाचा मोठा रुबाब होता. गावोगावच्या दूध केंद्रांवर एकेक कॉम्प्युटर बसवला होता आणि तो टेलिफोनच्या तारेनं आमच्या ऑफिसला जोडला होता. कुठं किती दूध आलं, ते यायचं त्या तारेवरून. ही तार जिवंत ठेवायची जबाबदारी कॉम्प्युटर विभागाची. विभाग म्हणजे ते साहेब आणि मी.

मी अवसरी खुर्दची. मंचरच्या क्लासमधून कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून एसटीनं रोज नारायणगावला यायची. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "गाव कुठलं?" मी सांगितलं. त्यानंतर ती नोकरी सुटेपर्यंत मी त्यांच्यासाठी 'अवसरी' होते. नाव कधी घेतलं नाही. "काय अवसरी, जेवण झालं का?" असं ते इतक्या मोठ्यानं विचारायचे की बाहेर रस्त्यावर पंक्चर काढणारा मान वर करून बघायचा. मला फार राग यायचा. मी काय एसटीचा थांबा आहे का, असं एकदा विचारायचं ठरवलं होतं, ते राहूनच गेलं.

कॉम्प्युटरना मात्र ते माणसांसारखं वागवायचे. राजुरी त्यांचं स्वतःचं गाव, त्यामुळे तिथल्या मशीनचं विशेष कौतुक. "ही चटपटीत सून आहे. हाक तोंडातून बाहेर पडायच्या आत पदर खोचून उभी." खरंच राजुरीचं उत्तर डोळ्याचं पातं लवायच्या आत यायचं. दुसरं एक केंद्र होतं, ते दुपारी हटकून गप्प व्हायचं, त्याला ते 'जावई' म्हणायचे. आणि मढ म्हणजे म्हातारा. मढ लांब, पश्चिमेला, माळशेजच्या वाटेवर. तिथली टेलिफोनची तार डोंगर चढत उतरत आलेली. तिथं हाक मारली की पाटीवर नुसतं पांढरं टिकलीएवढं काहीतरी लुकलुकत राहायचं, आणि मग सावकाश एकेक ओळ उमटायची.

"म्हातारा आहे तो," ते म्हणायचे. "त्याला ऐकू जात नाही असं नाही. हाक पोचायला वेळ लागतो."

हे वाक्य मी तेव्हा शेकड्यांनी ऐकलं असेल आणि प्रत्येक वेळी हसले असेन.

कामावर लागल्यावर पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. ते बँकेत गेले होते. मला वाटलं, आपणही हाका मारून बघू. मी मढला पिंग केलं. पहिली ओळ आली, 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. म्हणजे वाट बघितली, उत्तर आलं नाही, वेळ संपली. मी पाटी बंद केली आणि ते आल्या आल्या ऐटीत सांगितलं, "सर, मढ बंद आहे."

"किती हाका मारल्या?"

"एक."

त्यांनी चष्मा काढला. "अवसरी, तुमच्याकडं तिन्हीसांजेला दारात कुणी हाक मारली तर तुझी आई लगेच ओ देते?"

मी विचारात पडले. नव्हती देत. आमच्याकडेही लहानपणी सांगायचे, दिवेलागणीला बाहेरून हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. चकवा असतो. तो एकदाच हाक मारतो. माणूस असेल तर पुन्हा मारील.

"माझी आई मढची," ते म्हणाले. "तिनं आयुष्यात कुणाला पहिल्या हाकेला ओ दिली नाही. माझ्या बापाला सुद्धा नाही. मढचं मशीन तिच्या माहेरचं आहे. त्याला पुन्हा हाक मार."

मी पुन्हा मारली. पुन्हा पहिली ओळ 'वेळ संपली'. दुसरी मात्र उत्तराची आली, तिसरी आली, चौथीही आली. पुढं मला त्यातली मेख कळली. मढची तार सारखी जोडलेली नसायची, हाक गेली की मोडेम आधी जागा व्हायचा, नंबर लावायचा, आणि तेवढ्यात पहिली हाक वाया जायची. कारण साधं होतं. पण इतक्या वर्षांनी आजही कुणी पहिल्या फोनला उचललं नाही तर मला मोडेम आठवत नाही, त्यांची मढची आई आठवते.

हाकेला उत्तर न येण्याचे दोन प्रकार असतात, हे त्यांनी मला शिकवलं. आता आमच्या गावात सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज झालंय, तिथल्या पोरी हे पुस्तकात वाचत असतील, पण माझं पुस्तक म्हणजे ते. एक प्रकार 'वेळ संपली'. दुसरा 'अनरीचेबल', म्हणजे तिकडे जायला वाटच नाही. "दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे," ते टेबलावर बोट आपटून सांगायचे. "पहिल्यात आपल्याला काही कळलेलं नसतं. माणूस घरात असेल, झोपला असेल, न्हाणीत असेल. दुसऱ्यात वाटच तुटलेली आहे. लोक दोन्हीला एकच म्हणतात, बंद. बंद कसं? आपली वेळ संपली म्हणून समोरचा संपला का?"

असं बोलायला लागले की मला ते फार आवडायचे. बाकी वेळ त्यांच्याबरोबर काम करणं म्हणजे डोक्याला ताप होता.

एक तर त्यांची बसायची जागा. पाठ भिंतीला लागलेली, तोंड दाराकडे, आणि समोर खिडकीचा उजेड येणाऱ्याच्या चेहऱ्यावर पडला पाहिजे. बाजूला उभं राहून कुणी बोललं की लगेच, "समोर या, समोर." साक्षात चेअरमननाही सोडत नसत. दुसरं म्हणजे पंखा. ऐन वैशाखात मी घामानं निथळत बसायची, पण ते पंखा लावू द्यायचे नाहीत. म्हणे कागद उडतात. आमच्या विभागात कागद होते कुठं? तिसरं म्हणजे तोंडात तंबाखू धरून कुणी बोलायला आलं तर त्याची कंबख्ती. "आधी थुंकून या, चूळ भरा, मग बोला." लोकांना वाटायचं, केवढा हा स्वच्छतेचा सोस. ऑफिसात कुणी विनोद केला तर ते हसायचे, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर. मी त्यांना पाठीमागं 'बादशहा' म्हणायची. दरबारी माणूस समोर आला पाहिजे, तोंड स्वच्छ पाहिजे, आणि बादशहा त्यांच्या सवडीनं हसणार.

आणि फोन. आमच्या टेबलावर फोन होता, वाजला की त्याच्यावर लाल दिवाही लुकलुकायचा. तो त्यांनी कधी उचलला नाही. "अवसरी, घे." मी जेवत असले तरी, "अवसरी, घे." मी एकदा वैतागून म्हटलं, "सर, सकाळी एवढ्या हाका मारत बसता, त्यापेक्षा सरळ केंद्रांना फोन का करत नाही? मढला फोन केला की मारुतीभाऊ सांगतील, चालू आहे की बंद."

त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. मग म्हणाले, "फोनवर मारुती चालू आहे एवढं कळेल. मशीन चालू आहे हे कसं कळेल?"

मी कपाळाला हात लावला. त्यांना मात्र आपण फारच हुशार बोललो असं वाटलेलं स्पष्ट दिसत होतं.

हा मारुती म्हणजे मढच्या केंद्राचा प्रमुख. साधा, भला माणूस. त्याची एकच चैन होती, मिशी. दुधाच्या कॅनच्या कडीसारखी दोन्हीकडून वळलेली, ओठ पार झाकून टाकणारी. महिन्यातून एकदा तो नारायणगावला यायचा आणि आला की साहेबांचं आणि त्याचं ठरलेलं भांडण व्हायचं.

"मारुती, मिशा कापा आधी."

"का बरं साहेब? मिशांनी तुमचं काय वाकडं केलं?"

"बोललेलं कळत नाही."

"आता मी तोंडानं बोलतो का मिशांनी?" मारुती माझ्याकडे बघून डोळा बारीक करायचा. "आवं साहेब, मढात ह्या मिशीला लई मान हाय. सोयरीक जमवायला लोक मलाच फुडं करत्यात."

शेवटी काय हवं ते मारुतीनं मला सांगायचं आणि मी साहेबांना सांगायचं, असा तोडगा निघायचा. दोन माणसं एकाच खोलीत, एकाच भाषेत, आणि मधे मी दुभाषी. मला वाटायचं, एका माणसाला एखाद्याच्या मिशीचा एवढा काय दुस्वास असावा?

मग तो उन्हाळा आला. भारनियमनाचे ते दिवस आठवतात ना? वीज जायची ती कधी येईल ते वीज मंडळालाही माहीत नसायचं. दूध केंद्रावर दूध थंड ठेवायचं यंत्र असतं, वीज गेली की ते जनरेटरवर चालवायचं. ते बंद पडलं तर उन्हाळ्यात दूध फार वेळ टिकत नाही. मग एकच उपाय, टँकर लगोलग पाठवून दूध उचलायचं.

त्या दुपारी मी जेवायला बाहेर गेले होते. परत आले तर साहेब खुर्चीत, काळी पाटी उघडी, आणि चेहऱ्यावर एक वेगळंच तेज. फोनचा रिसीव्हर जरा वाकडा ठेवलेला. मी बाजूच्या दारानं आत आले होते. "सर," म्हणून हाक मारली. पुन्हा मारली. ते पाटीत इतके रमलेले की वळले नाहीत. मी वळसा घालून समोर आले तेव्हा त्यांनी वर बघितलं.

"फोन उचललात?" मला आश्चर्यच वाटलं.

"दिवा थांबेना. कुणीतरी एवढ्या हाका मारतोय आणि आपण ओ द्यायची नाही, हे बरोबर नाही." जरा थांबून म्हणाले, "मढचा होता. टँकरचं विचारत होते. नेहमीच्या वेळेला येईल. मी पुन्हा खात्री केली. हे बघ."

मी बघितलं. पाटीवर मढच्या ओळी होत्या. पहिली वाया गेलेली, पुढच्या सगळ्या उत्तराच्या. म्हातारा सावकाश का होईना, ओ देत होता. मी निर्धास्त माझ्या जागेवर बसले.

संध्याकाळी टँकर नेहमीच्या वेळेला मढला पोचला. ड्रायव्हरनं टाकीचं झाकण उघडलं आणि त्याला वासावरूनच कळलं. दूध नासलं होतं. मढचं आणि आजूबाजूच्या वाड्यांचं, सकाळी बायाबापड्यांनी डोक्यावरून आणून घातलेलं सगळं दूध. ते शेवटी ओढ्यात ओतावं लागलं. वीज गेली होती, जनरेटर चालू होत नव्हता. आणि कॉम्प्युटर? त्याला बॅटरी होती. सगळं केंद्र गार पडलं होतं, तेवढा कॉम्प्युटर जिवंत होता आणि आमच्या प्रत्येक हाकेला ओ देत होता.

दुसऱ्या दिवशी चेअरमननी मारुतीला बोलावून घेतलं. आम्हा दोघांनाही केबिनमध्ये बोलावलं. चेअरमन चिडलेले होते, आणि त्यांचं काही चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. मढचे लोक सकाळपासून त्यांच्या घरी येऊन बसले होते.

"जनरेटर बंद पडला तर कळवायला काय झालं होतं?" ते मारुतीवर ओरडले. "नियम काय आहे? लगेच फोन करायचा. दुसरा माणूस ठेवतो मी तिथं. आजपासून तू घरी बस."

मारुती उभा होता. ओला रुमाल पिळावा तसा टोपी पिळत होता. "साहेब, म्या फोन केला व्हता. जनरेटर चालू व्हईना, टँकर लगीच धाडा, असं सांगितलं. दोनदा सांगितलं. हे साहेब 'बरं, बरं' म्हनले."

चेअरमननी आमच्या साहेबांकडे बघितलं. साहेब भिंतीशी बसले होते. डोक्यावर पंखा घरघरत होता. ते मारुतीच्या तोंडाकडे बघत होते, मिशीकडे, टक लावून, कपाळाला आठ्या घालून. मग चेअरमनच्या तोंडाकडे. मग माझ्या. आणि त्या क्षणी मला कळलं. समोर या म्हणणं, तंबाखू, पंखा, मिशी, सगळ्यांनंतर हसणं, "अवसरी, घे" सगळं एकदम कळलं. या माणसाला ऐकू येत नव्हतं. तो आमची तोंडं वाचत होता.

"फोन आला होता का?" चेअरमननी विचारलं. ते कागद चाळता चाळता खाली बघून विचारत होते. साहेबांना ते कळणं शक्यच नव्हतं.

खरं सांगायचं तर त्यांना काहीच करायची गरज नव्हती. चेअरमनचा त्यांच्यावर विश्वास होता, मारुतीवर नव्हता. नुसतं 'नाही' म्हटलं असतं, नुसतं गप्प बसले असते, तरी मारुती घरी गेला असता आणि हे आपल्या खुर्चीत. मी खुर्चीतून उठले, त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले आणि ओठ नीट हलवत म्हटलं, "सर, मारुतीभाऊ म्हणतात, त्यांनी फोनवर जनरेटरचं सांगितलं. टँकर लगेच पाठवा म्हणाले. त्यांची नोकरी जातेय."

त्यांनी ते वाचलं. हळूहळू त्यांचा चेहरा उतरला. पोरानं उडवलेला पतंग काटला जावा तसा. मग ते उभे राहिले.

"फोन आला होता," ते म्हणाले. नेहमीसारख्याच मोठ्या आवाजात. "मी उचलला. मला ऐकू आलं नाही."

"लाइन खराब होती का?"

हे चेअरमन वर बघून म्हणाले होते, त्यामुळे त्यांना कळलं.

"लाइन चांगली आहे. कान खराब आहेत."

चेअरमननी हातातले कागद खाली ठेवले. मग तेच पुढं म्हणाले, "बरेच दिवस झाले. फोनवर मला नुसते 'मढ' आणि 'टँकर' एवढे शब्द कळले. बाकी मी अंदाजानं 'बरं' म्हटलं. मग मशीनला हाक मारली. त्यानं ओ दिली. मला वाटलं, सगळं बरं आहे." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मशीन चालू आहे एवढं कळलं, अवसरी. मारुतीचं कसं कळणार?"

मारुतीच्या तोंडाचा आ झाला. त्याचा हात आपोआप मिशीवर गेला. "म्हंजी," तो म्हणाला, "मिशा कापा, मिशा कापा, ते ह्याच्यापायी व्हय? आवं मंग सांगायचं न्हाई का राव!"

साहेबांना तेही कळलं नाही. त्याच्या मिशीपाशी ते अडलेच.

मारुतीची नोकरी वाचली. आमच्या साहेबांना काढलं नाही, चेअरमन तसे वाईट नव्हते. पण त्यांना कॉम्प्युटर विभागातून उचलून मागच्या अंगणातल्या स्टोअरमध्ये बसवलं. तिथं कॅन, पट्टे, नळ्या, पेंडीची पोती. काळी पाटी माझ्याकडे आली. मला ती नको होती, हे मी चेअरमनना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "मग कुणाला देऊ?"

खरी शिक्षा वेगळीच होती, आणि ती दिली आम्ही सगळ्यांनी. ऐकू येत नाही हे जाहीर झालं आणि लोकांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं. आधी समोर येऊन, चूळ भरून बोलणारी माणसं आता स्टोअरच्या खिडकीतून बोटानं वस्तू दाखवायची आणि घेऊन जायची. त्यांनी "काय म्हणालात?" विचारलं की हात हलवून म्हणायची, "काही नाही, जाऊ द्या." मला इतका संताप यायचा. कालपर्यंत हाच माणूस तुमचं बोलणं समजत होता ना? कान काय त्या केबिनमध्येच गेले का?

मी चहाच्या वेळेला स्टोअरमध्ये जाऊन बसायला लागले. पोत्यांवर, त्यांच्या समोर, उजेडाकडे तोंड करून. एकदा विचारलं, "आधीच का नाही सांगितलंत?"

"माझा बाप शेवटी ठार बहिरा होता," ते म्हणाले. "राजुरीला ओट्यावर बसायचा. आधी लोक ओरडून बोलायचे, मग खुणा करायला लागले. मग नुसतेच हात वर करून पुढं जायचे. घरातसुद्धा ताट पुढं ठेवायचं आणि निघून जायचं. तो काही विचारायला लागला की आम्ही सगळे म्हणायचो, जाऊ द्या, काही नाही." त्यांनी पेला खाली ठेवला. "मी पण म्हणायचो. मला बहिरेपणाची भीती नव्हती, अवसरी. त्या 'जाऊ द्या'ची होती."

बायको हाक मारते ती ऐकू येते का, हे मी विचारायला नको होतं. पण विचारलं. ते हसले. "तिची एकच हाक, 'अहो'. ती ओठांवर कळते. कानात कशी होती ते आता नीट आठवत नाही."

मग त्यांनीच विषय बदलला, "मढनं ओ दिली का आज?"

"दिली. दुसऱ्या हाकेला."

"देणारच." मग पेंडीच्या एका पोत्याचं तोंड आवळत ते म्हणाले, "माझंही तेच झालंय बघ. 'वेळ संपली' झालंय. लोक समजतात, वाटच तुटली."

तेव्हापासून रोज सकाळी माझ्या हाका मारून झाल्या की मी स्टोअरच्या खिडकीशी जाऊन त्यांना सांगायची, राजुरी आली, जावई अजून जागा आहे, मढ आलं. ते मान हलवायचे. एवढंच. पण त्या मान हलवण्यात पूर्वीचं समाधान नसायचं. मी सांगितलेली ओ ही त्यांना मिळालेली ओ नव्हती.

पावसाळा संपत आला असेल. एका सकाळी मी खिडकीशी उभी होते आणि अंगणातून एक माणूस आला. चालणं ओळखीचं, टोपी ओळखीची, पण चेहरा काही केल्या लागेना. जवळ आल्यावर वरचा ओठ दिसला, आयुष्यात ऊन न लागलेला, पांढुरका, लहान मुलासारखा. मारुती होता. मिशी साफ काढलेली.

आमच्याकडे माणसानं मिशी काढली म्हणजे घरात कुणीतरी गेलं. मी आवाज खाली आणून विचारलं, "भाऊ, कोण गेलं हो?"

"आख्खं मढ ह्येच इचारायला दारात येऊन गेलं," मारुती ओशाळं हसला. ओठ आता उघडा पडल्यामुळं त्याचं हसू भलतंच मोठं दिसत होतं. "बायकूनं तर तोंडाला पदर लावला व्हता. कुणी गेलं न्हाई, मॅडम. समदी हायेत."

तो आत गेला, मागोमाग मी. साहेब खाली वाकून नळ्यांचं भेंडोळं सोडवत होते. मारुतीनं हाक मारली नाही. टेबलाला वळसा घालून तो त्यांच्या समोर गेला, खिडकीचा उजेड तोंडावर पडेल असा उभा राहिला, आणि त्यांनी वर बघेपर्यंत तसाच थांबला.

त्यांनी वर बघितलं. त्यांनाही ओळख पटेना. डोळे नेहमीसारखे समोरच्याच्या तोंडावर गेले आणि तिथंच थांबले, जिथं इतकी वर्षं काही दिसलं नव्हतं तिथं.

"साहेब," मारुती म्हणाला. हळू, एकेक अक्षर सुटं करून.

साहेब काही बोलले नाहीत. नुसते बघत राहिले. मला राहवेना, मी पुढं होऊन सांगणार होते, हे मढचे मारुतीभाऊ आहेत म्हणून. मारुतीनं माझ्याकडे न बघताच हात आडवा केला. मी थांबले. तो पुन्हा म्हणाला, "साहेब."

"ओ," ते म्हणाले.

रस्त्यापर्यंत पोचणारा तो आवाज त्या वेळी इतका लहान झाला होता, की ती ओ ऐकायला मारुतीला पुढं वाकावं लागलं.